दुखणाइताची रात्र

गंगापूर तालुक्यांत लासूर स्टेशनापासून खालीं कायगांव टोक्यापर्यंत, म्हणजे प्रवरा गोदावरीस मिळते तेथवर, ज्या गांवांत आमचें जाणेंयेणें आहे त्यांपैकीं एकही गांव असें नाहीं कीं जेथें कंबर धरून, गुडघा धरून किंवा मान आंखडून बसलेलें कोणी भेटत नाहीं. कापूस वेंचतांना दिवसभर वांकावें लागतें. ऊंसतोडीस गेलेल्यांस मोळी डोकीवर घेऊन ट्रकच्या फळीवर चढावें लागतें. आणि वाळूजच्या कारखान्यांत जाणारीं पोरें यंत्रापाशीं आठ आठ तास उभीं असतात. तेव्हां दुखणें ह्या विषयाची आमच्या वाचकांस ओळख करून द्यावयास नको. परंतु एका वस्तीवर घरोघर भेटी देत असतां एक वृद्ध बाई आम्हांस जें बोलल्या तें मनांतून जाईना. त्या म्हणाल्या, "दिवस कसा बी जातो, मास्तर. चार माणसं असतेत, हाताला काम असतं. पण रात निस्ता डोंगर. दुखणं सोसतंय, रात सोसंना."

ह्या बाईंच्या बोलण्यांत दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत हें आमच्या ध्यानांत यावयास कांहीं दिवस लागले. दुखणें ही एक गोष्ट, आणि दुखण्यामुळें गेलेली झोंप ही दुसरी. आपण दोहोंची एकच मोट बांधतों आणि म्हणतों, दुखणें राहिलें म्हणजे झोंप आपोआप येईल. ज्याचें दुखणें महिन्याभरांत बरें होणार आहे त्यास हें ठीक आहे. परंतु ज्याचें दुखणें दहा वर्षांचें आहे आणि पुढेंही राहणार आहे त्यानें काय करावें? त्यानें झोंपेचा विचार निराळा केला पाहिजे, आणि तो करतां येतो, हें सांगण्याकरितां हा पाठ लिहिला आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण तो दुखण्याहून जास्त छळतो. ज्यास झोंप येत नाहीं त्याच्या मनांत कांहीं तरी खुपत असलें पाहिजे, अशी आपल्या गांवांत समजूत आहे. आणि आमच्या मंडळ्यांत तिला आणखी एक शेंपूट जोडलेलें आढळतें, तें हें कीं त्या मनुष्याचा विश्वास कमी पडत असावा. उपदेशक बंधूंनीं ईयोबाचा सातवा अध्याय पुन्हा काढून वाचावा. निजावयाचें आणि लगेच उठण्याची वेळ कधीं येईल म्हणून विचारावयाचें, पहाटेपर्यंत ह्या कुशीवरून त्या कुशीवर तळमळावयाचें, ही त्याची रात्र तेथें आहे. आणि तिसाव्या अध्यायांत रात्रीच्या वेळीं हाडांना लागलेली टोंचणी आहे. आजच्या दवाखान्यांत रोगी जें सांगतो तें ह्याहून वेगळें नसतें. त्याच्या मित्रांनींही पापाचीच शंका काढली होती, आणि शेवटल्या अध्यायांत ठपका आला तो मित्रांवर. तेव्हां जो उपदेशक दुखणाइताच्या अंथरुणापाशीं बसून त्याच्या विश्वासाची मापें घेतो त्यानें आपण कोणाच्या रांगेंत बसलों आहों हें पाहावें. ह्याहून अधिक ह्या बाजूस लिहिण्याची जरुरी नाहीं. पुढचा विषय शरीराचा आहे.

दुखणें हें मुळांत शत्रु नव्हे. तामिळनाडूंतील कोल्ली डोंगरांत १९१४ सालीं एका मिशनरी कुटुंबांत जन्मलेले डॉक्टर पॉल ब्रँड पुढें वेल्लोर येथें कुष्ठरोग्यांच्या हातापायांवर शस्त्रक्रिया करीत. त्यांच्या कामामुळें जगास नीट कळलें कीं, त्या रोग्यांची बोटें रोगानें आपोआप गळून पडत नाहींत. मज्जातंतू बधिर झाल्यामुळें चटका बसलेला, कांटा रुतलेला कळत नाहीं, जखमेवर जखम होते, आणि शेवटीं बोट झिजून जातें. म्हणजे वेदना ही शरीराची राखणदार आहे. परंतु तीन महिन्यांहून अधिक काळ जें दुखणें राहतें, ज्यास वैद्यकांत जुनाट वेदना म्हणतात, त्यांत पुष्कळदां असें होतें कीं चोर केव्हांच पळून गेलेला असतो आणि राखणदार मात्र ओरडत राहतो. मज्जासंस्थेस ओरडण्याची संवय जडलेली असते. असें दुखणें खोटें नसतें. तें खरोखरच दुखतें. फक्त, जितकें दुखतें तितकी आंत नासधूस चाललेली आहे असें समजण्याचें कारण नाहीं, आणि मध्यरात्रीं कळ आली म्हणजे ही एवढी एक गोष्ट माहीत असलेल्या मनुष्याची भीति पुष्कळ उतरते.

मग रात्रींच तें अधिक कां दुखतें? ह्याचीं कारणें एकाहून जास्त आहेत. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल ह्या दोघां शास्त्रज्ञांनीं १९६५ सालीं असें मांडलें कीं, वेदनेचा निरोप मेंदूकडे जातांना पाठीच्या कण्यांत जणूं एक दार असतें. तें कधीं उघडें, कधीं किलकिलें. ठेंच लागली कीं आपण बोट चोळतों, तेव्हां स्पर्शाचा निरोप त्या दारांत गर्दी करतो आणि वेदनेस वाट कमी मिळते. वरून मेंदूही तें दार लोटूं शकतो. मन दुसरीकडे गुंतलें असलें कीं तो लोटतो. दिवसा चुलीचा धूर, शेरडांचें ओरडणें, शेजारणीचें बोलणें, हें सारें त्या दाराशीं गर्दी करून असतें. रात्रीं वस्ती निजली कीं दाराशीं कोणी उरत नाहीं. शिवाय सूज आवरणारा जो रस आपलें शरीर स्वतः तयार करतें त्याचें प्रमाण मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असतें; आणि एकाच कुशीवर पडून राहिल्यानें सांधे जखडतात तें निराळेंच.

आतां महत्त्वाचा भाग. दुखण्यानें झोंप मोडते हें सर्वांस ठाऊक आहे. झोंप मोडल्यानें दुखणें वाढतें हें फार थोड्यांस ठाऊक आहे. १९७५ सालीं कॅनडांतील टोरोंटो शहरीं हार्वी मोल्डोफ्स्की ह्या डॉक्टरांनीं आपला एक प्रयोग प्रसिद्ध केला. धडधाकट मनुष्यांस निजूं द्यावयाचें, पण गाढ झोंप लागूं लागली कीं आवाज करून ती मोडावयाची, असें त्यांनीं कांहीं रात्रीं केलें. ज्यांस कांहींच दुखणें नव्हतें त्या माणसांचे स्नायू दुखूं लागले, दाबलें तर कळ येऊं लागली. पुढें अनेकांनीं ह्याचा अभ्यास केला, आणि २०१३ सालीं तिघां अमेरिकन विद्वानांनीं त्या सर्व अभ्यासांचा आढावा घेऊन असें दाखविलें कीं, आजच्या दुखण्यावरून उद्यांच्या झोंपेचें अनुमान जितकें खात्रीनें करतां येतें, त्याहून अधिक खात्रीनें झोंपेवरून दुखण्याचें करतां येतें. म्हणजे हें दोन बैलांचें जोखड आहे. एक बसला कीं दुसऱ्यास ओढतो. आम्हांस ह्यांत निराशा दिसत नाहीं. कंबरेचा मणका कांहीं आपल्या हातीं नाहीं, पण झोंप पुष्कळ अंशीं आहे, आणि जोखडांतला तो एक बैल उठवितां आला तर दुसऱ्यावरचा भारही थोडा हलका होतो.

झोंप येते तरी कशी, हें समजल्यावांचून ती उठवितां येणार नाहीं. १९८२ सालीं अलेक्झांडर बोर्बेली ह्यांनीं जी उपपत्ति मांडली तीच अद्याप धरून चालतात. एक तर झोंपेची भूक असते. जितका वेळ जागें राहावें तितकी ती वाढते, आणि दुपारीं तासभर डोळा लागला कीं अवेळीं भाकर खाल्ल्याप्रमाणें ती मोडते. दुसरें, शरीरांत एक घड्याळ असतें, आणि तें सकाळच्या उजेडानें व उठण्याच्या ठराविक वेळेनें जुळतें. निजण्याच्या वेळेनें तें तितकें जुळत नाहीं. भूक आणि घड्याळ दोन्हीं एके ठिकाणीं आलीं म्हणजे झोंप लागते. दुखणाईत मनुष्य नेमकें काय करतो? रात्र वाईट गेली म्हणून सकाळीं उशिरां उठतो. दुखतें म्हणून दिवसा आडवा होतो. आणि आज तरी झोंप मिळावी म्हणून दिवेलागणीलाच अंथरूण धरतो. भूकही मोडली, घड्याळही मोडलें.

येथें आम्हांस आपला स्वतःचा दोष सांगितला पाहिजे. कंबरेचें दुखणें आमच्या पदरीं पुष्कळ वर्षांचें आहे, आणि वर लिहिलें तेंच आम्ही चार वर्षें केलें. आठ वाजतां निजावयाचें, सहा वाजतां उठावयाचें. दहा तास अंथरुणांत, आणि झोंप सारी मिळून साडेपांच तास. उरलेले साडेचार तास आढ्याकडे पाहण्यांत जात. तेवढ्यांत एका औषधें देणाऱ्यानें झोंपेच्या गोळ्या दिल्या. पहिले पंधरा दिवस आम्हांस वाटलें कीं हा मनुष्य देवदूत आहे. तिसऱ्या महिन्यांत एका गोळीच्या दोन झाल्या, आणि एके दिवशीं गोळ्या संपल्या असतां जी रात्र गेली तिच्यापुढें पूर्वीच्या सर्व रात्रीं बऱ्या होत्या. त्या गोळ्या पुढें डॉक्टरांच्या देखरेखीखालीं थोड्या थोड्या करून सोडाव्या लागल्या. ज्या कोणा वाचकाच्या उशाशीं अशा गोळ्या आहेत त्यानें हा मजकूर वाचून त्या एकदम फेंकूं नयेत. फार दिवस घेतलेली अशी गोळी एकाएकीं बंद केली तर झटके येऊन जिवावर बेतूं शकतें.

गोळ्यांऐवजीं आम्हांस जो उपाय लागू पडला तो पहिल्यानें ऐकतां उलटा वाटतो: झोंप कमी येते ना, मग अंथरुणांत कमी वेळ राहा. ह्याची पद्धत आर्थर स्पीलमन ह्यांनीं १९८७ सालीं प्रसिद्ध केली, आणि रिचर्ड बूट्झिन ह्यांनीं १९७२ सालीं सांगितलेल्या दुसऱ्या एका नियमाशीं ती जोडून आज जगभर वापरतात. २०१६ सालीं अमेरिकेंतील वैद्यांच्या मोठ्या संस्थेनें, जुनाट निद्रानाश असलेल्या प्रत्येक प्रौढ मनुष्यास प्रथम हेच उपचार द्यावेत, गोळी मागाहून, अशी शिफारस केली. त्यास पैसा लागत नाहीं. मात्र धीर पुष्कळ लागतो.

तें असें करावें. सात रात्रीं भिंतीवरच्या कॅलेंडरांत लिहून ठेवावें कीं अंथरुणांत किती तास होतों आणि अदमासें झोंपलों किती. लिहितां येत नसेल तर घरांतील शाळेंत जाणाऱ्या मुलास सांगावें, किंवा कोळशानें रेघा ओढाव्या. घड्याळ पाहून लिहूं नये. सकाळीं उठल्यावर जो अंदाज येईल तोच लिहावा, कारण रात्रीं घड्याळ पाहणें हें स्वतःच जागरणाचें एक मूळ आहे. समजा सरासरी साडेपांच तास आली. आतां उठण्याची वेळ पक्की करावी, समजा पहांटे पांच. रात्र कशीही गेली, रविवार असो कीं बाजाराचा दिवस, पांच म्हणजे पांच. आणि तेथून मागें मोजून साडेअकराच्या आधीं अंथरुणास पाठ लावूं नये. पहिले आठ दहा दिवस फार कठीण जातात. नऊ वाजतां पेंग येते, दहा वाजतां मनुष्य भिंतीस टेकल्या टेकल्या निजूं पाहतो. त्यानें उभें राहावें, लसूण सोलावी, वाती वळाव्या, कोणाशीं बोलत बसावें. भूक सांचूं द्यावयाची आहे. असें केलें म्हणजे बहुतेकांस दोन तीन आठवड्यांत अंथरुणांतल्या दर सहा तासांपैकीं पांच तास सलग झोंप येऊं लागते. मग निजण्याची वेळ पाव तासानें अलीकडे आणावी, आणि आठवडा ठीक गेला कीं आणखी पाव तास. पांच तासांहून कमी मात्र कोणीं कधींही करूं नये. ज्यास मिरगी येते, ज्यास मनाच्या उन्मादाचा विकार आहे, त्यानें हा उपाय डॉक्टरांवांचून मुळींच करूं नये. आणि ह्या दिवसांत दिवसा पेंग येते म्हणून मोटरसायकल चालविणें, कडबाकुट्टीशीं काम करणें, विहिरीच्या कांठावर उभें राहणें टाळावें.

बूट्झिन ह्यांचा नियम असा कीं, अंथरूण हें निजण्याचें ठिकाण आहे, तळमळण्याचें नव्हे. पाव तास, वीस मिनिटें झालीं आणि डोळा लागण्याचें चिन्ह नाहीं असें वाटलें कीं उठावें, दुसरीकडे बसावें, पेंग आली कीं मगच परतावें. हा नियम लिहिणारानें बहुधा पुष्कळ खोल्यांचें घर डोळ्यांपुढें ठेविलें असावें. आमच्या वाचकांचें घर एका खणाचें. त्यांत सासू, सून, तीन मुलें, आणि कोपऱ्यांत शेळी. उठून जावयाचें कोठें? आमच्या अनुभवानें सांगतों, दार न उघडतांही हें साधतें. निजण्याची गोधडी एक, आणि भिंतीशीं बसण्याचें पोतें किंवा घोंगडी दुसरी, एवढा भेद मनास पुरतो. ओसरीवर जावयाचें झालें तर हातांत बॅटरी व पायांत वहाणा हव्यात, पावसाळ्यांत तर हव्यातच. झोंपेच्या शोधांत निघालेल्यास सर्पदंश व्हावा हें आम्हांस नको. आणि बसल्या ठिकाणीं हातांत मोबाइल घेऊं नये. त्याच्या उजेडापेक्षांही त्यांतल्या गोष्टी अधिक जागवितात.

दुखणाइतानें ह्या नियमास एक पुस्ती जोडावी. दिवसा आडवें पडल्यावांचून ज्याचें चालत नाहीं त्यानें अवश्य पडावें, पण रात्रीच्या जागीं नव्हे, आणि डोळे मिटून नव्हे. अर्धा तास पाठ टेकली, उठलों, अशी ती विश्रांति असावी.

ज्या शिवारांत शेतपंपाची वीज अजून पाळीनें रात्रीं येते तेथील शेतकऱ्यांस हें वाचून हंसूं येईल. दोन वाजतां मोटर लावून बारे द्यावयास गेलेल्यास साडेअकरा आणि पांच हे आंकडे कसले? त्यांस आम्ही इतकेंच म्हणतों कीं, पाळीच्या दिवशीं आल्यावर दीड दोन तास निजावें, अर्धा दिवस निजूं नये. आणि ज्या आठवड्यांत वीज दिवसा असेल त्यांत उठण्याची वेळ पाळावी. पूर्ण लाभ त्यांस होणार नाहीं. जी गोष्ट विजेच्या वेळापत्रकांत बिघडली आहे ती गोधडींत दुरुस्त होत नाहीं.

आतां दिवसाविषयीं लिहितों, कारण रात्रीचें पुष्कळसें बी दिवसाच पेरलेलें असतें. दुखणाईत मनुष्याची एक खोड असते. एखादे दिवशीं बरें वाटलें कीं तो आठवड्याचें काम त्या दिवसांत उरकतो, आणि मग तीन दिवस उठत नाहीं. त्या तीन दिवसांत दिवसा पडून राहतो, म्हणून रात्रीं जागतो. ह्यावर उपाय असा कीं कामाचें माप दुखण्यानें ठरवूं नये, आधींच ठरवावें. दोन सऱ्या कापूस वेंचावयाचा ठरला तर बरें वाटत असतांही दोनच, आणि कळ येत असतांही, जमेल त्या बेतानें, दोनच.

ह्या बाबतींत आमच्या डोळ्यांपुढें जें एक उदाहरण नेहमीं राहतें तें बाबा आमटे ह्यांचें. हिंगणघाट येथें १९१४ सालीं, म्हणजे डॉक्टर ब्रँड ह्यांच्याच वर्षीं, त्यांचा जन्म झाला. १९४९ सालीं त्यांनीं वरोऱ्याजवळ आनंदवन उभारण्यास आरंभ केला, आणि कुष्ठरोग्यांनीं भिकेवर नव्हे, स्वतःच्या कामावर जगावें अशी तेथें व्यवस्था केली. हें बहुतेकांस माहीत आहे. त्यांच्या पाठीचें मात्र फारसें कोणी बोलत नाहीं. मानेच्या व पाठीच्या मणक्यांच्या विकारानें त्यांस असें जखडलें कीं पुढें पुढें त्यांस बसतांच येईना. उभें राहावें किंवा आडवें व्हावें, एवढेच दोन मार्ग उरले. बसतां येत नाहीं ह्याचा अर्थ काय होतो तो वाचकांनीं क्षणभर मनांत आणून पाहावा: पंगत नाहीं, खुर्ची नाहीं, गाडींतली बैठक नाहीं. अशा स्थितींत १९८५ सालीं, सत्तरीच्या वयांत, त्यांनीं कन्याकुमारीपासून काश्मीरपर्यंत भारत जोडो यात्रा काढली. तरुण मंडळी सायकलींवर, आणि बाबा वाहनांत घातलेल्या बिछान्यावर आडवे. १९८८ सालीं पुन्हा, अरुणाचलांतील इटानगरपासून गुजराथेंतील ओख्यापर्यंत. १९९० सालीं ते नर्मदेच्या कांठीं कसरावद येथें जाऊन राहिले. २००८ च्या फेब्रुवारींत आनंदवनांत त्यांचें देहावसान झालें तेव्हां त्यांचें वय ९३ होतें.

हें उदाहरण देण्यांत एक धोका आहे तो आम्हांस ठाऊक आहे. "पाहा, बाबांनीं एवढें केलें, आणि तूं कंबर दुखते म्हणून रडतेस," असें कोणी सासू सुनेस म्हणेल. त्याकरितां आम्ही हें लिहीत नाहीं. बाबांनीं दुखण्यावर मात केली असें आम्ही म्हणत नाहीं. दुखणें शेवटपर्यंत होतेंच. त्यांनीं एवढेंच केलें कीं, शरीर ज्या दोन गोष्टी करूं देत होतें त्यांतच काम बसविलें, आणि साधनाताईंसारख्या माणसांनीं तें बसवूं दिलें. बसून भाकरी थापतां येत नसेल त्या सुनेस उभ्यानें काम करण्याजोगा ओटा करून देणें, हें त्या यात्रेच्या बिछान्याच्या जातीचेंच काम आहे.

अंथरुणाविषयीं दोन शब्द. कंबर दुखत असेल तर कुशीवर निजून दोन गुडघ्यांमध्यें गुंडाळलेली गोधडी घ्यावी. उताणें निजणाऱ्यानें तीच गुडघ्यांखालीं घ्यावी. शेक पुष्कळांस सुखावतो. परंतु ज्यास मधुमेह आहे किंवा ज्याचे हातपाय बधिर आहेत त्यानें तापलेली वीट पायांशीं घेऊन कधींही निजूं नये. भाजलेलें त्यास सकाळीं दिसेल, रात्रीं कळणार नाहीं.

चहाचा अंमल अर्धा उतरावयास सुमारें पांच तास लागतात, म्हणून दुपारच्या चहानंतर पुन्हा चहा नको. मिश्रीविषयीं लिहिलें तर आमच्या भगिनी रागावतात, तरी लिहितों. निजतांना मिश्री लावल्यानें बरें वाटतें तें तल्लफ भागते म्हणून; तंबाखूचा गुण जागविण्याचा आहे. दारूनें झोंप लागते आणि दोन वाजतां मोडते, हें पिणारांस विचारावें.

दुखण्यावरच्या गोळ्यांची गोष्ट अधिक गंभीर आहे. बाजाराच्या दिवशीं कागदाच्या पुडींत बांधून मिळणाऱ्या नांव नसलेल्या गोळ्यांत काय असतें हें घेणारास ठाऊक नसतें. अशा पुड्यांत स्टेरॉइड असलें तर आठ दिवस चमत्कार होतो आणि पुढें हाडें ठिसूळ होतात, साखर वाढते. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन ह्या गोळ्या थोडे दिवस, जेवणानंतर, डॉक्टरांच्या सल्ल्यानें ठीक. रोज घेतल्यास पोटांत व्रण पडतात आणि मूत्रपिंडें बिघडतात. ह्याच डायक्लोफेनॅकनें आपल्या आकाशांतलीं गिधाडें संपत आलीं, हें वाचकांस माहीत आहे काय? गुरांस तें टोंचीत, मेलेलें गुरूं गिधाडें खात, आणि त्यांचीं मूत्रपिंडें बंद पडत. म्हणून २००६ सालीं सरकारनें गुरांकरितां त्यावर बंदी घातली. मनुष्य गिधाड नव्हे, पण रोज दोन गोळ्या दहा वर्षें घेणाऱ्या मनुष्यानें एकदां रक्त तपासून घ्यावें हें बरें. पायांची आग, मुंग्या, विजेसारखी कळ अशा जातीचें दुखणें असेल तर त्यावरचीं औषधें निराळीं असतात, आणि त्यांपैकीं कांहीं रात्रीं घेतलीं असतां झोंपेसही साहाय्य करतात. तीं डॉक्टरच देऊं शकतात.

कांहीं दुखण्यांत मात्र हा सारा पाठ बाजूस ठेवून आधीं दवाखाना गांठला पाहिजे. दुखण्याबरोबर वजन उतरत आहे, संध्याकाळीं ताप व रात्रीं घाम येतो. पाठ दुखतां दुखतां पायांतलें बळ गेलें, बसण्याच्या जागीं बधिरपणा आला किंवा लघवीवरचा ताबा सुटला. पडल्यानंतर दुखणें सुरू झालें. पूर्वीं कर्करोग झालेला आहे, असें असेल तर थांबूं नये. मणक्याचा क्षय आपल्या बाजूस विरळा नाहीं आणि तो औषधानें बरा होतो. लघवीचा ताबा सुटलेल्या रोग्यास त्याच दिवशीं घाटींत, म्हणजे छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय रुग्णालयांत, नेलें पाहिजे. आठवड्यानें नेऊन उपयोग होत नाहीं. जो रात्रीं मोठ्यानें घोरतो आणि मध्येंच त्याचा श्वास थांबतो, किंवा ज्याचे पाय निजल्यावर स्वस्थ राहत नाहींत, हलविल्यावांचून चैन पडत नाहीं, त्याच्या झोंपेचें मूळ निराळें आहे. दुसऱ्या विकारांत पुष्कळदां रक्तांतलें लोह कमी असतें. आणि कर्करोगाच्या वेदनेस संवय लागेल म्हणून औषध नाकारणें ही क्रूरता आहे. तेथें डॉक्टरांनीं दिलेलें मॉर्फिन नीट वेळेवर द्यावें.

आणखी एक गोष्ट लिहिल्यावांचून पुढें जाववत नाहीं. मराठवाड्यांत किती घरांत दोरी आणि कीटकनाशकाचा डबा ह्यांनीं घात केला आहे हें आम्ही सांगावयास नको. दुखणें आणि जागरण दोन्हीं मिळून मनुष्यास ज्या विचारापर्यंत नेतात तो विचार बहुधा रात्रीं दोन ते चारच्या दरम्यान येतो, आणि त्या घटकेस तो अगदीं खरा वाटतो. ज्यास तो येत असेल त्यानें घरच्या माणसास उठवावें. झोंपमोड झाली म्हणून कोणी रागावणार नाहीं. कोणाशीं बोलवत नसेल तर १४४१६ हा सरकारचा क्रमांक २०२२ सालापासून चालू आहे. तो रात्रंदिवस आणि फुकट असतो, आणि मराठींत बोलतां येतें. घरच्या माणसांनीं औषधफवारणीचे डबे कुलपांत ठेवावेत. आणि उपदेशकांनीं असा विचार मनांत येतो का हें सरळ शब्दांत विचारावें. विचारल्यानें तो मनांत भरत नाहीं. उलट कोणी तरी विचारलें ह्याचा आधार वाटतो.

भेटीस जाणाऱ्यांकरितां एक लहानशी सूचना. "रात्रीं झोंप लागली का?" हा प्रश्न रोज सकाळीं करूं नये. त्यानें झोंप ही परीक्षा होऊन बसते आणि दुखणाईत रोज नापास होतो. आज काय केलें, कोठें बसलां, कोण येऊन गेलें, हें विचारावें.

आरंभीं ज्या बाईंचा उल्लेख केला त्यांच्याकडे आम्ही दिवाळीपूर्वीं पुन्हा गेलों होतों. त्यांच्या नातीनें कॅलेंडरावर रेघा ओढल्या होत्या. पहिल्या आठवड्याच्या रेघा तुटक तुटक, आणि सहाव्या आठवड्यांत बऱ्याच जुळलेल्या. गुडघे तसेच आहेत. दोन्हीं पाय पुढें पसरून त्या ओसरीवर शेंगा फोडीत होत्या. रात्र कशी जाते म्हणून विचारणार होतों, पण वरची सूचना आम्हींच लिहिली असल्यामुळें थांबलों. त्यांनींच सांगितलें, "साडेपाच तास होतेत आता. अकरा वाजेस्तोवर बसायचं लई जिवावर येतं, पण पोरीचा अभ्यास होतो मग माझ्या संगं."